मिनी ट्रॅक्टरला क्विक हिच घेताय? आधी मेजर टेप काढा

नमस्कार मंडळी. आज क्विक हिचबद्दल बोलू, म्हणजे ट्रॅक्टरला मागचं अवजार झटपट जोडायच्या-सोडायच्या साधनाबद्दल.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत मिनी ट्रॅक्टरच्या मागचं अवजार सारखं बदलत असतं. सकाळी रोटाव्हेटर चालू असतो, दुपारी आभाळ भरून येतं आणि डाउनी रोगाच्या धास्तीनं लगेच औषध फवारायचा ब्लोअर जोडायची वेळ येते. मग एक जण ट्रॅक्टर इंच इंच मागं घेतो आणि दुसरा चाक आणि अवजार यांच्या मध्ये वाकून पहारीनं अवजार सरकवतो. क्लचवरचा पाय सटकला तर त्या मधल्या माणसाला निसटायला जागाच नसते. क्विक हिच घ्यावी असं मी म्हणतो ते मुख्यतः त्या माणसासाठी. दहा मिनिटं वाचतात ती वेगळी.

आता अडचण अशी आहे की दुकानात ‘क्विक हिच’ म्हणून मागितलं तर तीन-चार वेगवेगळ्या वस्तू पुढं येतात. कुठली तुमच्या कामाची, हे तुमच्याकडच्या अवजारांवर ठरतं. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे हा प्रश्न नंतरचा.

थोडं मागचं सांगतो. ट्रॅक्टरच्या मागं अवजार धरणारे तीन दांडे, म्हणजे खाली दोन लिंका, वर एक टॉप लिंक, ही जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. 1936 च्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर ती होती, 1939 मध्ये फोर्डच्या 9एन वर आली आणि मग जगभर गेली. जोडायची पद्धत तेव्हापासून तीच आहे: तीन पिना, त्या निसटू नयेत म्हणून तीन छोट्या लिंच पिना आणि मधे माणूस.

चला, मोजायला लागू.

(कॅमेरा अवजाराच्या खालच्या पिनवर)

ही पिन बघा. ग्रीस आणि माती मिळून वर कडक थर बसलाय. आधी तो खरवडून काढा आणि मगच व्हर्नियर लावा, नाहीतर माप चुकतं. खालची पिन 22 मिलिमीटर आणि वरची 19 भरली तर अवजार कॅटेगरी 1 चं, म्हणजे लहान मापाच्या जोडणीचं आहे. खालची 28 आणि वरची 25 च्या आसपास भरली तर कॅटेगरी 2, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचं. आता दोन खालच्या पिनांमधलं अंतर घ्या. कॅटेगरी 1 मध्ये ते 683 मिलिमीटर असतं, म्हणजे जवळपास 27 इंच. पण अरुंद मिनी ट्रॅक्टरसाठी 1-एन असा एक प्रकार आहे. त्याच्या पिना 22 च्याच असतात, अंतर मात्र फक्त 400 मिलिमीटर. 27 इंची फ्रेम त्याला कशीही बसत नाही. दुकानदारानं ‘कॅटेगरी 1 ला चालते’ एवढंच सांगितलं तर टेप त्याच्या हातात द्या.

आता पहिली वस्तू, पूर्ण फ्रेम. उलट्या यू आकाराची ही चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही लिंकांना जोडून ठेवायची. तिला खाली दोन हुक असतात, वर एक. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, लिफ्ट उचलायची, तिन्ही पिना हुकांत बसतात. खालचे हुक खिटीनं बंद होतात. सोडताना खिट्या उघडून लिफ्ट खाली केली की झालं. बघायला फार छान वाटतं, म्हणूनच जास्त खपते.

हिची खरी परीक्षा वरच्या हुकावर होते. अमेरिकन मानकाप्रमाणे कॅटेगरी 1 च्या फ्रेमचा वरचा हुक खालच्या हुकांपासून 15 इंचांवर असतो. आणि कॅटेगरी 1 च्या अवजाराच्या मास्टची, म्हणजे वरची पिन धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांची, नेहमीची उंची आहे 460 मिलिमीटर, म्हणजे 18 इंच! दोन्ही आपापल्या जागी बरोबर, तरी एकमेकांत बसत नाहीत. म्हणून कंपनीच्या बऱ्याच अवजारांना खाली 15 इंचांवर आणखी एक भोक दिलेलं असतं. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या कल्टिव्हेटरला किंवा सरी यंत्राला ते असेलच असं नाही.

(कॅमेरा मास्टवर, शेजारी सळई)

हे असं मोजा. दोन खालच्या पिनांवर एक सरळ सळई आडवी ठेवा. सळईच्या मधोमध, तिच्या खालच्या कडेपासून टेप उभा धरा आणि वरच्या भोकाच्या मध्यापर्यंत माप घ्या. पिनेची अर्धी जाडी त्यात मिळवली की मध्यापासून मध्यापर्यंतची उंची मिळते. मास्टच्या दोन पट्ट्यांमध्ये हुक शिरेल एवढी मोकळी जागा आहे का, तेही बघा. घरातल्या प्रत्येक अवजाराची मापं कागदावर लिहा. निम्मीच अवजारं जुळत असतील तर दर वेळी फ्रेम काढा, घाला, आणि ती आहे तीस-पस्तीस किलोची. मग फ्रेम घेण्यात अर्थ नाही. वरचा हुक खाली-वर सरकवता येतो अशाही फ्रेमा मिळतात. घ्यायचीच तर तशी घ्या. खालच्या हुकांत 22 ची पिन ढिली बसते, त्यासाठी पिनेवर चढवायच्या जाड नळ्या, म्हणजे बुश लागतात. प्रत्येक अवजाराला दोन, त्यांचा खर्च आधीच धरा.

फ्रेमची दुसरी अडचण वजनाची. मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी हे नीट ऐका. फ्रेम लावली की अवजार साधारण 10 सेंटीमीटर मागं जातं. समजा ब्लोअर टाकी भरून 400 किलोचा आहे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे. नुसतं 10 सेंटीमीटर मागं सरकल्यानं पुढच्या चाकांवरचा सुमारे 27 किलो भार उतरतो. फ्रेमचं स्वतःचं वजन धरलं तर आणखी अठरा-वीस किलो. म्हणजे 45 किलोच्या आसपास. मोठ्या ट्रॅक्टरला हे जाणवणारही नाही. इथं चढावर स्टिअरिंग हलकं लागतं आणि सरीचा वरंबा ओलांडताना पुढची चाकं उचलतात. लिफ्टचंही तेच. महिंद्रा जिवो 245 ची लिफ्ट 750 किलोची आहे, पण वजन जितकं मागं तितकी तिची उचलायची ताकद कमी पडते. आणि बागेत ओळीच्या टोकाला वळताना हेच 10 सेंटीमीटर मांडवाच्या लोखंडी अँगलला आणि तारेला नडतात.

तिसरी अडचण पीटीओच्या शाफ्टची, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याची. क्विक हिच कुठलीही घ्या, शाफ्ट हातानंच जोडावा लागतो. ज्यांची सगळी अवजारं पीटीओवर चालतात त्यांची मेहनत अर्धीच वाचते, हे मनाशी धरून चाला. शिवाय अवजार मागं गेलं की शाफ्टची एक नळी दुसरीतून तेवढीच बाहेर येते. ट्रॅक्टर बंद करून, लिफ्ट सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर, अशा दोन्ही ठिकाणी बघा. शाफ्ट सर्वात लांब असताना नळीचा किमान एक तृतीयांश भाग आत राहिला पाहिजे. रोटाव्हेटर घेताना तुमच्या ट्रॅक्टरच्या मापानं शाफ्ट कापून दिला असेल, तर तो आता आखूड पडू शकतो. मग नळ्या बदला, ओढूनताणून चालवू नका. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांच्या स्पीडनं फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. त्या वेगात नळी सुटली तर ती कुठं जाऊन आदळेल याचा नेम नाही.

आता दुसरी वस्तू, मला बागेसाठी जी पटते ती. खालच्या दोन लिंकांच्या टोकाला नुसते हुक. अवजाराच्या पिनेवर लोखंडी गोळा चढवायचा, लिंच पिन लावून तो तिथंच ठेवायचा. लिंकेचं हुक खालून येऊन गोळ्याला पकडतं, वरची जीभ आपोआप बंद होते. सोडायला सीटपर्यंत दोरी येते. टॉप लिंक हातानं जोडायची, त्यामुळं 15 का 18 इंच हा प्रश्नच उरत नाही. वजन थोडं वाढतं, पण अवजार जागच्या जागी राहतं, मागं जात नाही. मोठ्या ट्रॅक्टरला युरोपात हे कधीपासून आहे. कॅटेगरी 1 चं माप मिळतं, पण हुक लिंकेला वेल्ड करावं लागत असेल तर ते काम गेट-ग्रिल करणाऱ्याकडं देऊ नका. लिंकेचं लोखंड जाड असतं, वरवरचं वेल्डिंग भाराखाली तडकतं. दोन्ही लिंकांची लांबीही एकसारखी राहायला हवी.

काही ट्रॅक्टरना कंपनीतूनच सरकणाऱ्या लिंका येतात. टोक बाहेर ओढायचं, पिनेत घालायचं, ट्रॅक्टर थोडा मागं घेतला की ते आत जाऊन लॉक होतं. तुमच्या ट्रॅक्टरला हे असेल तर दुसरं काही घेऊ नका. पहारीची गरज तिथंच संपली.

राहिला त्रिकोण, म्हणजे ए-फ्रेम. एक त्रिकोण ट्रॅक्टरला, त्याचा जोड प्रत्येक अवजाराला. वरचं टोक निमुळतं असल्यामुळं ट्रॅक्टर जरा तिरका आला तरी खटकन बसतो. पण प्रत्येक अवजारावर वेगळा खर्च आहे. दोनच अवजारं वर्षभर अदलाबदल करत असाल तर विचार करा.

ओढायचा ट्रेलर ब्लोअर असणाऱ्यांनी पूर्ण फ्रेम शक्यतो टाळावी. ड्रॉबार (ट्रेलर ओढायचा दांडा) आणि पीटीओकडं हात घालायला ती मधे येते.

कुठलीही हिच असो, अवजार उभं करायची जागा सपाट हवी. मातीत एका बाजूला कललेलं अवजार कुठलंच हुक धरत नाही. गोठ्याच्या कडेला चार बाय आठ फुटांचा कोबा करा, रोटाव्हेटरच्या मागं-पुढं स्टँड लावा आणि सोडताना लेव्हलमध्ये सोडा. साधी पिनवाली जोडणी असली तरी एवढ्यानंच बराच त्रास कमी होतो.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला हिच घेऊन शेतावर बोलवा. तुमच्या सगळ्यात अवघड अवजाराला जोडून दाखवायला सांगा. अवजार जमिनीपासून वीतभर उचलायचं, ट्रॅक्टर बंद करायचा, बाजूनं उभं राहून दोन्ही खिट्या बसल्यात का ते डोळ्यांनी बघायचं. मग ट्रॅक्टर चालू करून लिफ्ट चार वेळा खाली-वर आणि बागेत एका टोकाचं पूर्ण वळण. एखादी खिटी अर्धी जरी उघडली तरी ती हिच परत गाडीत टाकायला सांगा.