प्रशिया गेला, स्प्रूस राहिला

[सीताबर्डी. वाद्यांचं दुकान. गिटारच्या गोल भोकातून दिसणारी छापील चिठ्ठी.]

सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात एखादी गिटार हातात घ्या आणि मधल्या गोल भोकातून आत डोकावा. चिठ्ठीवर बरेचदा दोन शब्द दिसतात : स्प्रूस टॉप. म्हणजे वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची.

हे झाड नागपुरात उगवत नाही. आणि इंग्रजी शब्दकोश उघडला तर तिथे स्प्रूस म्हणजे नुसतं झाडही नाही. टापटीप माणूसही स्प्रूस, आणि घर चकाचक करणं हेही स्प्रूसच. झाडाचा आणि टापटिपीचा संबंध काय?

[पायांतल्या कोल्हापुरी चपला.]

आपण ‘कोल्हापुरी घाल’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर चप्पल येते, रंकाळा येत नाही. पैठणीचं तसंच, इरकलचंही तसंच. गावाचं नाव मालाला चिकटतं आणि मालाचंच होऊन जातं.

बाल्टिक समुद्राच्या काठावर प्रशिया नावाचा मुलूख होता. मध्ययुगातले इंग्रज त्याला ‘प्रूस’ म्हणत, पुढे ‘स्प्रूस’ही म्हणू लागले. तिथून जहाजांनी जो माल येई, त्यालाही तेच नाव पडलं. लाकडी पेट्या स्प्रूसच्या, कातडं स्प्रूसचं. त्या कातड्याची बंडी म्हणजे ठेवणीतला कपडा. अशी बंडी घालून निघालेला माणूस ऐटदार दिसणारच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘स्प्रूस’ हे त्या माणसाचंच विशेषण झालं. शब्दांच्या अभ्यासकांना हीच वाट सगळ्यांत जास्त पटते, आणि कोल्हापुरी घालणाऱ्याला ती पटायला वेळ लागू नये.

मराठीत नेमका शब्द शोधू गेलो तर ‘नीटनेटका’ जरा शांत वाटतो, ‘छानछोकी’त खर्चाचा वास येतो. ‘टापटीप’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

[तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन आलेली मुलं.]

क्रियापद समजून घ्यायचं तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या एखाद्या अंगणात उभं राहावं. वर्षभर माळ्यावर पडलेला लाकडी बैल खाली येतो. धूळ पुसली जाते, रंगाचा हात फिरतो, शिंगांना बेगड लागते, गळ्यात माळ पडते. बैल तोच, पण उजळून निघतो. इंग्रजीतलं ‘स्प्रूस अप’ म्हणजे हेच.

[हिमाचल. उतारावरचं जंगल.]

आता झाड. प्रशियाकडून येणाऱ्या या सूचिपर्णी झाडालाही इंग्रजांनी त्याच मुलखाचं नाव दिलं. पण झाड एकट्या प्रशियाचं नव्हतं. जगाच्या उत्तरेकडच्या थंड भागांत त्याच्या साधारण पस्तीस जाती आहेत, आणि त्यांतली एक आपल्या पश्चिम हिमालयात. हिमाचलात तिला ‘राई’ म्हणतात.

देवदार, चीड, राई, सगळीच आपल्याला लांबून सारखी दिसतात. जवळ जाऊन एक सुई तोडा आणि दोन बोटांत फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, म्हणून ती बोटांत सहज गोल फिरते. चीडच्या सुया जुडग्यांनी येतात, स्प्रूसची प्रत्येक सुई एकटी, लहानशा खुंटीवर बसलेली. सुई गळली तरी खुंटी राहते, म्हणून वाळकी डहाळी हाताला खरखरीत लागते. आणि फळं, म्हणजे ते खवल्यांचे शंकू, खाली लोंबतात.

आपल्याकडे नर्सरीत डिसेंबरमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतो तो बहुधा अरोकेरिया. तो प्रशांत महासागरातल्या बेटांकडचा. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हाळ्यात स्प्रूसचा निभाव लागणार नाही.

[लकडगंज. आरा मशीनचा आवाज.]

लकडगंजात, जिथे वस्तीच्या नावातच लाकूड आहे, मान सागवानाचा. तो जड, तेलकट, वाळवीला दाद न देणारा, दारं-खिडक्यांसाठी अव्वल. स्प्रूस याच्या अगदी उलट. हलका, मऊ, आणि किडीपुढे टिकाव न धरणारा. त्याची चौकट करून दाराला लावली तर पस्तावाल.

मग वाद्यवाल्यांना तोच का हवा? सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, आठवा. तार एकटी हवा फारशी हलवू शकत नाही, तबली ती हलवते. तबली जड असेल तर तारेची ताकद तिला हलवण्यातच संपते. लेचीपेची असेल तर तारांच्या ताणाखाली वाकते. हलकं आणि तरीही ताठ, असं लाकूड हवं. थंड डोंगरात स्प्रूस हळूहळू वाढतो, त्याची वर्षांची वलयं एकमेकांना खेटून बसतात, रेषा सरळ धावतात. म्हणून व्हायोलिनची वरची फळी, पियानोची आतली मोठी फळी, गिटारचा दर्शनी भाग, सगळीकडे तोच. राइट बंधूंनी १९०३ साली उडवलेल्या विमानाच्या सांगाड्यातही स्प्रूस होता, कारण तेच : वजन कमी, ताकद भरपूर.

[जुना नकाशा. बाल्टिकचा काठ.]

२५ फेब्रुवारी १९४७ रोजी महायुद्ध जिंकलेल्या राष्ट्रांनी एका कायद्याने प्रशियाचं राज्य रीतसर संपवलं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेत एक प्रचंड लाकडी विमान पहिल्यांदा आणि शेवटचं उडालं. लोक त्याला ‘स्प्रूस गूज’ म्हणत, खरं तर ते बहुतांशी बर्चच्या लाकडाचं होतं. आणि त्याच डिसेंबरात नॉर्वेने लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एक स्प्रूस उभा केला, युद्धातल्या मदतीची आठवण म्हणून. तेव्हापासून दर वर्षी तो तिथे येतो.

[पुन्हा सीताबर्डी. दुकानातली गिटार.]

दुकानातला पोरगा कान वाकडा करून सूर लावतो आहे. गिटारच्या फळीवर हलकेच तळवा टेकवा आणि त्याला जाड तार छेडायला सांगा. आवाज कानाला ऐकू येतो आणि त्याच क्षणी हाताखालचं लाकूड थरथरतं.