मावा नाटे, माटे सरकार

(दृश्य: सकाळचे जंगल, बांबूचे बेट, कोयता)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे आणि त्याच्या जंगलात बांबूची तोड सुरू झाली आहे. हा गडी घाव घालण्याआधी बेटाभोवती एक फेरी मारतो. यंदाचे कोंब, ज्यांना या भागात वास्ते म्हणतात, ते कोणते आणि अजून पक्के न झालेले बांबू कोणते, हे तो हात लावून पाहतो आणि मगच जुन्या बांबूला बुंध्यालगत, पेऱ्याच्या जरा वर कोयता लावतो. काय तोडायचे आणि काय राखायचे, हे गावाच्या ग्रामसभेत ठरलेले आहे आणि त्या सभेत तो स्वतः बसलेला होता.

‘आयत्त’ म्हणजे ताब्यात असलेले आणि ‘स्वायत्त’ म्हणजे आपल्याच हाती असलेले. स्वायत्तता या भारदस्त शब्दाचा अर्थ या बेटापाशी उभे राहिले की सहज समजतो.

(दृश्य: गावातील घोषणेचा फलक)

‘दिल्ली मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार.’ गोंडीतील या घोषणेचा अर्थ असा की दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आहे आणि आमच्या गावात आम्हीच सरकार आहोत. तिचा पहिला भाग अनेकदा गाळून सांगितला जातो आणि मग ती बंडाची भाषा वाटू लागते. वास्तविक दिल्ली आणि मुंबईचे सरकारही ‘आमचे’च आहे, असे हे गाव आधी म्हणते.

या घोषणेमागे मोठा काळ आहे. 1950 नंतर जमीनदारी संपली आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातले जंगल वनखात्याकडे गेले. घरासाठी बल्ली, म्हणजे लाकडी वासा, आणि चुलीसाठी सरपण आणणारा माणूस आपल्याच रानात चोर ठरू लागला, तर बांबू मात्र कागद कारखान्यासाठी जात राहिला. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या धरणांच्या विरोधात सारा परिसर उठला, बाबा आमटे त्या आंदोलनात होते, आणि मेंढ्याचे लोकही त्यात उतरले. धरणे थांबली, पण परत आलेल्या माणसांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. बाहेरच्याला ‘नाही’ म्हणता येते, तर गावातले निर्णय आपण का घेत नाही?

(दृश्य: घोटुल म्हणजे गोंड गावाचे सामुदायिक घर, सभेसाठी जमणारी माणसे)

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना गावाने काही सवयी लावून घेतल्या. देवाजी तोफा यांच्यासारखी गावातली माणसे आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची पद्धत रुजवली. कायदा असो, जंगल असो की दारू, विषय आधी अभ्यासगटात बसून समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत आणायचा. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय सभेचा असतो आणि तो सर्वसहमतीने होतो. येथे हात वर करून मोजणी होत नाही. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढे ढकलला जातो.

बहुमताची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही पद्धत संथ वाटते, आणि ती संथ आहेच. मात्र बहुमतात हरलेला माणूस निर्णयाबाहेर उभा राहतो, तर येथे त्याला समजावण्याची किंवा त्याचे ऐकण्याची जबाबदारी उरलेल्या सगळ्यांवर येते. गावाची स्वायत्तता एकेका माणसाच्या नकाराला किंमत देऊनच उभी राहते, असे आम्हाला येथे राहून वाटले. घरात जिचे म्हणणे सहसा विचारले जात नाही, त्या बाईचाही नकार सभेत पूर्ण मोजला जातो.

(दृश्य: बांबूचे गठ्ठे, वाहतूक परवान्याची पुस्तिका)

2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये मेंढा गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होती. वनस्पतिशास्त्रात मात्र तो गवत आहे, आणि वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा, गावाच्या हक्काचा माल. बांबू झाड की गवत, या एका शब्दावर गावाचा हक्क अडकून पडला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली गेली. जंगलातला माल बाहेर नेण्याची परवानगी देणारी सही आता ग्रामसभेची झाली.

त्यानंतर बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला आणि गावात मजुरी मिळू लागली. 2013 मध्ये तर गावाने 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यान्वये आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले.

(दृश्य: सभा, मागच्या रांगेतील स्त्री)

ही सभा यंदाच्या तोडीविषयी आहे. जंगलाच्या कोणत्या भागात आधी जायचे, यावर जवळजवळ सर्वांचे एकमत झालेले आहे. मागच्या रांगेत, मांडीवर मूल घेऊन बसलेली ही बाई म्हणते की त्या भागात मोहाची झाडे आहेत, आणि ऐन मोह वेचायच्या दिवसांत तेथे बांबूचे ढीग पडले तर बायकांनी फुले कशी वेचायची? कोणी तिला थांबवत नाही. पुढे बसलेला एक म्हातारा वळून तिला विचारतो की मग केव्हा चालेल. ती लगेच सांगत नाही; शेजारणीशी बोलते, पुन्हा विचार करते. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.

(दृश्य: लोक उठतात, बाई मूल कडेवर घेते. निवेदन नाही.)