रिंगणाच्या मधोमध

[दृश्य : काउंटी फेअरचं मैदान. सकाळ. ट्रेलरमधून उतरणारे घोडे.]

अमेरिकेतल्या ग्रामीण भागात उन्हाळा म्हणजे काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा. पाळणे, भाजलेली कणसं, गाईगुरांचे गोठे आणि एका कडेला मातीचं रिंगण. रिंगणाच्या दाराशी शाळकरी पोरं आपापल्या घोड्यांना धरून उभी आहेत. कुणी खराऱ्याचा शेवटचा हात मारतंय, कुणी बाहीनं घोड्याचं नाक पुसतंय.

ही फोर-एच या मुलांच्या चळवळीतली मुलं. हिरवं चार पानांचं क्लोव्हर ही त्यांची खूण, आणि डोकं, हृदय, हात, आरोग्य या चार गोष्टींची शपथ; इंग्रजीत हे चारही शब्द ‘एच’नं सुरू होतात. १९०२ साली ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शिक्षणाधिकाऱ्यानं मुलांचा एक शेती क्लब काढला, तिथपासून ही चळवळ मोजतात. पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं विद्यापीठांमार्फत कृषी विस्तारसेवा उभी राहिली आणि फोर-एच तिच्या छत्राखाली आलं. म्हणून आजही मुलांच्या या घोड्यांच्या शोचे नियम बहुधा राज्याच्या विद्यापीठाकडून येतात.

पण आपला कॅमेरा मुलांवर नाही. तो आहे रिंगणाच्या मधोमध क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या परीक्षकावर. तिथं उभं राहायचा अधिकार मिळतो कसा?

[दृश्य : शोमनशिपचा वर्ग. एक मुलगी घोडा हातात धरून चालवते आहे.]

आधी परीक्षकाचं काम पाहू. हा शोमनशिपचा वर्ग; वर्ग म्हणजे शोमधली एक स्पर्धा. घोड्यावर कुणी बसत नाही, तो हातात धरून दाखवायचा. मुलगी घोड्याला चालवत आणते, दुडकीवर पळवते, थांबवते, चारही पाय चौकोनात उभे करते. मग परीक्षक घोड्याभोवती फिरू लागते आणि मुलगी सारखी जागा बदलते. परीक्षक घोड्याच्या पुढच्या अंगाला असेल तर मुलगी पलीकडच्या बाजूला. परीक्षक मागच्या अंगाला गेली की मुलगी तिच्याच बाजूला.

बघणाऱ्याला हा कवायतीचा प्रकार वाटतो. त्यात जीव वाचवण्याचा हिशेब आहे. घोडा बिथरला तर मुलगी त्याचं डोकं स्वतःकडे ओढणार. डोकं इकडे आलं की पुठ्ठा, म्हणजे मागचं अंग, तिकडे जातो. म्हणजे लाथ परीक्षकाला बसत नाही. नीट शिकलेलं मूल हे विचार न करता करतं, आणि परीक्षक नेमकं तेच तपासत असते.

इथं घोड्याची किंमत मोजायची नाही. आजोबांच्या शेतावरची म्हातारी घोडी आणि हजारो डॉलरचा नामांकित क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा शेजारी शेजारी उभे असतात. गुण मुलाच्या हाताला, नजरेला, घोड्याशी असलेल्या समजुतीला. बोलायला हे सोपं. देखणा घोडा समोर आला की भल्याभल्यांची नजर ढळते. मला विचाराल तर परीक्षकाचं निम्मं शिक्षण म्हणजे या मोहावर लगाम घालणं.

अनेक ठिकाणी मुलांच्या शोमध्ये डॅनिश पद्धत वापरतात. तिच्यात मुलांना एकमेकांशी नाही, ठरलेल्या दर्जाशी ताडून पाहतात. दर्जाला पोचला त्याला निळी रिबन, थोडा कमी पडला त्याला लाल, अजून बरंच शिकायचं आहे त्याला पांढरी. एका वर्गात सगळ्यांना निळी मिळू शकते, आणि एकालाही मिळाली नाही तरी चालतं. निळीवाल्यांमधून मग विजेता निवडतात. परीक्षकाला ही पद्धत जड जाते. क्रमांक लावताना ‘हा त्याच्यापेक्षा बरा’ एवढं पुरतं. इथं दर्जा स्वतःच्या डोक्यात पक्का असावा लागतो, आणि सकाळी आठचा दर्जा दुपारी चारच्या उन्हात तोच राहावा लागतो.

[दृश्य : चार घोडे एका रांगेत. समोर वह्या घेतलेली मुलं.]

ही नजर लहानपणीच घडायला लागते. फोर-एचमध्ये मुलांसाठीच परीक्षणाच्या स्पर्धा असतात. समोर चार घोडे, त्यांचा क्रम लावायचा. चार घोड्यांचे क्रम होतात चोवीस. वर्गाला गुण पन्नास. जाणत्या परीक्षकांनी आधीच क्रम ठरवलेला असतो आणि क्रमात शेजारी येणाऱ्या दोन घोड्यांत फरक किती, तेही आकड्यात लिहिलेलं असतं. दोघं जवळजवळ सारखे असतील तर अदलाबदल केल्यास एखाददुसरा गुण जातो. फरक ढळढळीत असेल तर सहा-सात.

खरी कसोटी त्यानंतर. मुलानं एकटं उभं राहून, कागद न वाचता, दोन मिनिटांत आपली कारणं सांगायची. त्यालाही पन्नास गुण. ‘मला आवडला’ चालत नाही. ‘पहिला दुसऱ्याच्या वर ठेवला, कारण त्याचा खांदा जास्त तिरपा आहे आणि पाऊल लांब पडतं.’ शिवाय खालच्या घोड्याचं जे चांगलं आहे तेही कबूल करायचं : ‘दुसऱ्याचा पुठ्ठा अधिक भरलेला आहे हे मान्य, पण त्याचे मागचे पाय सरळसोट खांबासारखे आहेत.’ जे घोड्यात नव्हतंच ते पाठांतरातून बोललं की गुण कापले जातात. दरवर्षी केंटकीतल्या लुईव्हिलला आणि कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला या स्पर्धांचे मोठे मेळावे भरतात. चौदा-पंधरा वर्षांची पोरं तिथं कोट घालून अशी कारणं सांगतात, तेव्हा मोठ्यांनी ऐकत राहावं.

[दृश्य : प्रशिक्षण शिबिर. मोठी माणसं कुंपणाशी उभी राहून टिपणं घेताना.]

मोठेपणी परवाना मात्र आपोआप मिळत नाही. सगळ्या अमेरिकेला एकच परीक्षा, असं फोर-एचमध्ये नाही. राज्यागणिक रीत बदलते. साधारणपणे शिबिराला बसायचं, नियमपुस्तकावर लेखी परीक्षा द्यायची, प्रत्यक्ष वर्गांचे क्रम लावून दाखवायचे आणि तोंडी कारणं सांगायची. अनुभवी परीक्षकाच्या मागे उभं राहून शिकाऊ म्हणूनही काम करावं लागतं. मग नाव मान्यताप्राप्त यादीत चढतं, आणि ते टिकवायला पुन्हा शिबिरं.

नियमपुस्तक जाडजूड आहे, पण नजरेला पाठ हव्यात अशा काही गोष्टी तेवढ्या सांगतो. कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या धावेत, घोड्याचा वळणाच्या आतला पुढचा पाय पुढे पडायला हवा. इंग्लिश खोगिरावर दुडकीत उठबस करताना घोड्याचा कुंपणाकडचा खांदा पुढे गेला की स्वारानं उठायचं. स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत. घोड्याचं अंग अंदाजायला हेन्नेकी मोजपट्टी : १९८३ मध्ये टेक्सासच्या डॉन हेन्नेकी यांनी बसवलेली, एक ते नऊ अंकांची. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चरबीचा डोंगर, पाच मध्यम.

आणि लंगडणं. दुडकी चालीत ते उघडं पडतं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडं डोकं वर उचलतं. असा घोडा दिसला की परीक्षक त्याला बाहेर काढते, मग लगाम कितीही गोड पोराच्या हातात असो.

बंधनं तिच्यावरही आहेत. स्वतःचे शिष्य, नातलग, आपण विकलेला घोडा यांच्यापासून लांब राहायचं. आईबापांशी बोलणं रिंग स्टुअर्डमार्फत, म्हणजे रिंगणातल्या मदतनीसामार्फत. कुंपणावर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बापाचा चेहरा पाहिलात तर हा नियम कुणासाठी केला ते लगेच कळेल.

[दृश्य : वर्ग संपला. परीक्षकाच्या हातात माईक.]

रिबनी वाटून झाल्यावर काही शोमध्ये परीक्षकाच्या हातात माईक देतात. आता कारणं सांगायची पाळी तिची, आणि समोर दहा वर्षांचं पोरगं. पांढऱ्या रिबनीचं. ‘तुझी घोडी स्वच्छ आहे, खूर नीट राखलेत. मी मागे गेले तेव्हा तू पलीकडेच राहिलास. घरी कुणाला तरी घोडीभोवती फिरायला सांग आणि तेवढंच कर.’

पोरगं मान डोलावतं आणि घोडी वळवतं. स्टुअर्ड पुढच्या वर्गाचे नंबर पुकारतो.