सर्वेचा फॉर्म, सरपंचाची सही आणि एथिक्स कमिटी

नमस्कार मंडळी. पीएचडी करणारा असो, एमएसडब्ल्यूची पोरगी असो, नाहीतर मेडिकलचा इंटर्न. विदर्भातल्या खेड्यात सर्वेला गेला की आधी सरपंच गाठतो. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र मिळतं, गोल शिक्का बसतो आणि घरोघरी फॉर्म भरणं सुरू. कॉलेजात कोणी विचारलं, संमती घेतली का रे? तर उत्तर तयार असतं : हो सर, सरपंचाची सही आहे ना.

आज त्या सहीबद्दलच बोलू.

सरपंचाच्या पत्रानं गावात शिरायला मिळतं, बस. ज्याच्या आजाराबद्दल, ज्याच्या कर्जाबद्दल तुम्ही विचारणार, त्याची संमती वेगळी. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हे सरळ सांगतात : गावप्रमुखानं हो म्हटलं म्हणजे माणसानं हो म्हटलं असं धरता येत नाही. ओसरीवर बसलेला नवरा 'लिहा जी, तिचं बी लिहा' म्हणाला, तरी तिला विचारायचंच. आणि शक्यतो तो चहा सांगायला उठला की विचारायचं!

दुसऱ्याच्या सहीवर काम उरकलं की काय होतं, ते देशानं पाहिलंय. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) देण्याचा अभ्यास प्रकल्प सुरू झाला. २०१० मध्ये तो थांबवावा लागला. पुढं २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल आला. त्यात नोंद आहे की आंध्रातल्या ९,५४३ संमती फॉर्मपैकी २,७६३ फॉर्मवर होस्टेलच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. आईबाप राहिले गावाकडे. लस चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही, कमेंटमध्ये त्यावरून भांडू नका. प्रश्न सहीचा आहे.

आता धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड इथल्या आश्रमशाळा डोळ्यांपुढं आणा. मुख्याध्यापकाचं पत्र मिळवायला अर्धा तास लागतो, आईबापापर्यंत पोचायला नदी ओलांडावी लागते. मोह कशाचा होणार, सांगा. नियम मात्र स्पष्ट आहे : आईबापाची संमती हवीच, शिवाय मूल सात वर्षांवरचं असेल तर त्याचाही होकार हवा. सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी चालतो, त्यापुढं अठरापर्यंत लेखी.

आणि भाषा? मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. तिथं 'सदर संशोधनामध्ये सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून' असं छापलेला कागद वाचून दाखवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना एक त्रयस्थ साक्षीदार बसवायचा असतो, त्यानं सगळं ऐकायचं आणि सही करायची. तुमचाच मित्र, ज्याच्या मोटरसायकलवर तुम्ही आलात, तो त्रयस्थ होत नाही.

हे सगळं बघायला एथिक्स कमिटी असते, म्हणजे अभ्यास सुरू व्हायच्या आधी तो तपासून मंजुरी देणारी समिती. सात ते पंधरा सदस्य. अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा, सदस्य सचिव संस्थेतला. डॉक्टर, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस, आणि एक सामान्य नागरिक : लिहितावाचता येणारा, पण आरोग्याच्या पेशात नसलेला. या शेवटच्या खुर्चीवर माझा फार जीव आहे. ती बहुतेक ठिकाणी एखाद्या रिटायर्ड प्राचार्याला दिली जाते. मला विचाराल तर तिथं बचत गटाची अध्यक्ष बसवा. आशाताई चालणार नाही, ती आरोग्य खात्याच्याच कामात आहे.

त्या बाई काय विचारतील, सांगतो. समजा विषय आहे सिकलसेल, आईबापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात गावोगावी पेशंट आहेत, अभ्यास व्हायलाच पाहिजे. फॉर्मवर पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत जात, खाली रक्ताचा रिपोर्ट. दिवसभराचे फॉर्म संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टेबलावर, वर पाण्याचा गिलास ठेवलेला. ऑपरेटर चाळतो, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो. एखाद्या पोरीत सिकलसेलचा फक्त वाहक गुण आहे, तिला काही त्रास नाही, पण उन्हाळ्यात पाहुणे यायच्या आधी बातमी पोचलेली असते. त्या बाई विचारतील : यादी ठेवणार कुठं? मग प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, बदलतो. फॉर्मवर फक्त कोड नंबर, नावांचं रजिस्टर वेगळं, कुलपात. रिपोर्ट ज्याचा त्याला, एकांतात.

यवतमाळकडचं आणखी अवघड. आत्महत्या केलेल्या कास्तकाराच्या घरी आधी तलाठी येऊन गेला, मग पोलीस, मग पत्रकार, आता प्रश्नावली घेऊन तुम्ही. 'कर्ज किती होतं' हे त्याच्या बायकोनं किती जणांना सांगायचं? कमिटीनं इथं अडून बसावं असं माझं मत आहे. हा आकडा सरकारी कागदात मिळत असेल तर तिला कशाला विचारता? विचारताना ती रडायला लागली तर तुमच्याकडे समुपदेशकाचा नंबर आहे का? किमान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तरी खिशात असावा. मुलाखत मधेच थांबवायचा हक्क तिला आहे, हे आधीच सांगायचं. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दोन तास बसवलंत तर तिची मजुरी बुडते. ती भरून देता येते, नियमात बसतं. फक्त रक्कम एवढी नको की पैशासाठीच ती हो म्हणेल.

म्हणून संशोधकांना गावबंदी करायची का? अजिबात नाही. गडचिरोलीत सर्च संस्थेनं ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेते, ताप बघते, त्यामागं हे काम आहे.

विद्यापीठांनाही दोन शब्द. मेडिकल कॉलेजात कमिटी असते, कला आणि समाजकार्य कॉलेजांत पुष्कळदा नसते, आणि पोरं गाईडच्या 'बघून घे रे'वर गावात जातात. छोट्या कॉलेजला स्वतःची कमिटी जमत नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करता येतो, तो करा. आणि मंजुरीचं पत्र दिलं की फाइल बंद करू नका. प्रश्नावलीत मागून दोन प्रश्न घुसले तर त्यांनाही मंजुरी लागते. कमिटीतल्या कोणीतरी कधी एसटीनं गावात जाऊन बघावं, फॉर्म खरंच कसे भरले जातात.

गावातले जे बघताय, त्यांच्यासाठी : फॉर्मसोबत माहितीपत्रक असतं, त्यावर संशोधकाचा आणि कमिटीच्या सदस्य सचिवाचा फोन नंबर छापलेला असायला हवा. एक प्रत तुमच्याकडे ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. मागून घ्या. नंबर नसेल तर आधी नंबर लिहायला लावा, मग अंगठा.