प्लास्टरच्या आतली वाढ

(दृश्य: पाठमोरं बसलेलं दीड वर्षाचं मूल. चार सेकंद शांतता.)

डावा खांदा बोटभर वर. त्याखाली डाव्या बाजूच्या बरगड्या किंचित फुगलेल्या. आंघोळ घालणाऱ्या हाताला हे डॉक्टरांच्या आधी कळतं. साबण लावताना एका बाजूला हात सपाट फिरतो, दुसऱ्या बाजूला उंचवट्यावर चढतो.

हा उंचवटा म्हणजे पीळ. स्कोलिओसिसमध्ये पाठीचा कणा एका बाजूला झुकतो आणि झुकताना स्वतःभोवती वळतो. बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या असल्यामुळे त्याही सोबत फिरतात. इतक्या लहान वयात हा बाक सुटावा म्हणून धडाला प्लास्टरचं जॅकेट घालतात, त्याची ही गोष्ट.

(दृश्य: लाइटबॉक्सवरची एक्स-रे फिल्म. पेन्सिल.)

बाकाच्या वरच्या टोकाला सगळ्यात जास्त कललेला जो मणका असतो, त्याच्या वरच्या कडेला एक रेघ. खालच्या टोकाच्या तशाच मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब अँगल. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी ही पद्धत १९४८ मध्ये मांडली, ती आजही चालते. १० अंश झाले की स्कोलिओसिस म्हणायचं.

आईवडील हा आकडा घट्ट धरून बसतात आणि तिथेच घोटाळा होतो. एकच फिल्म दोन डॉक्टरांनी मोजली तरी ५ अंशांचा फरक सहज पडतो. बाळाला झोपवून काढलेल्या एक्स-रेत बाक कमी दिसतो, बसवून काढला की वाढतो. म्हणून मागच्या वेळी झोपवून काढला असेल तर या वेळीही झोपवूनच काढा, असं तंत्रज्ञाला सांगायला लाजू नये. २८ चे ३१ झाले म्हणून झोप उडवून घेऊ नये. २८ चे ३८ झाले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

(दृश्य: तीच फिल्म, आणखी जवळून. बाकाच्या शिखरावरचा मणका आणि त्याच्या दोन बरगड्या.)

आता इथे बघा. शिखरावरच्या मणक्याला काटकोनात एक रेघ मारली आहे. दोन्ही बाजूंच्या बरगड्या या रेघेशी किती अंशांचा कोन करतात, ते वेगवेगळं मोजायचं आणि वजाबाकी करायची. फरक २० अंशांच्या आत असेल तर बाक आपोआप सुटण्याची शक्यता मोठी. २०च्या वर असेल तर तो वाढण्याची. आणि बरगडीचं डोकं मणक्यावर चढलेलं दिसत असेल, तर वजाबाकी करायची गरजच नाही. तो बाक वाढणारा.

लंडनच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमधल्या डॉ. मिन मेहता यांनी हे मोजमाप १९७२ मध्ये मांडलं. त्याआधी लहान बाळांतला कुठला बाक सुटेल आणि कुठला वाढेल, हे काळ गेल्यावरच कळायचं. आता एका फिल्मवर अंदाज येतो. तरी हा अंदाजच. फरक २०च्या आसपास असलेल्या मुलाची चार ते सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढावी लागते.

(दृश्य: एमआरआयच्या खोलीचं बंद दार.)

बाक २० अंशांच्या पुढे असेल तर एमआरआय. मेंदूच्या तळापासून माकडहाडापर्यंत. वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या बाळांतही साधारण पाचात एकाच्या मज्जारज्जूत काहीतरी सापडतं. आत पाणी साठलेलं असतं, किंवा रज्जू खाली अडकलेला असतो. तसं असेल तर आधी त्याचा विचार, पाठीचा मग. मणकाच जन्मतः अर्धवट बनला असेल तर त्याचा आकार प्लास्टरने बदलत नाही. अशा मुलांची मूत्रपिंडं आणि हृदयही तपासून घेतात, कारण हे सगळे अवयव गर्भात साधारण एकाच सुमाराला घडतात.

(दृश्य: प्लास्टरची खोली. मोकळी लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेले पट्टे.)

ही चौकट पाहून पालक हबकतात. साहजिक आहे. पण ती अशी उघडी आहे ती कामासाठी. मूल पट्ट्यांवर अधांतरी राहतं, म्हणजे चारही बाजूंनी हात घालता येतात. खाली आरसा ठेवलाय, पाठीचा पीळ किती सुटला ते वर उभं राहून दिसावं म्हणून.

मुलाला पूर्ण भूल दिलेली असते आणि श्वासनलिकेत नळी असते. नुसता मास्क चालत नाही. छाती दाबून आकार देताना हवेचा दाब वाढतो, म्हणून भूलतज्ज्ञाची नजर मशीनच्या आकड्यावर खिळलेली असते.

अंगात बिनशिवणीचा बनियन, दोन थर. सुरकुती राहू द्यायची नाही. आज पडलेली सुरकुती दोन महिने त्याच जागी टोचत राहते. कमरेच्या हाडांवर फेल्टचे, म्हणजे जाड दाबलेल्या कापडाचे, तुकडे. बाकी कापूस अगदी पातळ. जाड कापूस मऊ वाटतो, पण तो दबला की आत पोकळी होते, प्लास्टर सैल पडतं आणि घासतं.

हनुवटीखालून एक पट्टा, कमरेला दुसरा. हलका ताण. कणा लांबला की धड अरुंद होतं आणि अरुंद झालेलं धड वळवता येतं.

(दृश्य: ओलं प्लास्टर. चार हात. निवेदन थांबवून पाच सेकंद खोलीचा आवाज राहू द्यावा.)

प्लास्टर घट्ट व्हायला काही मिनिटंच लागतात. कौशल्य आहे ते या मिनिटांत. तळवा कुठे आहे ते बघा. बाहेर आलेल्या बरगड्यांवर तो बाजूने दाबत नाहीये. मागून पुढे फिरवतोय. बाजूने दाबलं तर बरगड्या आत जातात, छाती अरुंद होते आणि मणके होते तिथेच राहतात. ही चूक पूर्वी सर्रास व्हायची. प्लास्टरची बदनामी झाली त्यात तिचा वाटा मोठा. लांबवणं, पीळ सोडवणं आणि कललेलं सरळ करणं, ही तीन अंगांची पद्धत फ्रान्समध्ये कोत्रेल आणि मोरेल यांनी १९६४ मध्ये मांडली. मेहता यांनी ती बाळांसाठी अगदी लवकर, वाढ जोरात असताना वापरायला घेतली.

(दृश्य: कटर. पांढरी भुकटी उडते.)

पुढे छातीपोटावर मोठी खिडकी कापली जाते. पोट फुगायला आणि श्वास घ्यायला जागा हवी. मागे एक खिडकी, बाकाच्या आतल्या, दबलेल्या बाजूला. तिथली छाती रोज श्वासागणिक त्या खिडकीतून बाहेर यावी, अशी ही रचना. खिडक्या कापल्या की भूलतज्ज्ञाच्या मशीनवरचा दाब उतरतो.

जांघेशी किती कापलंय ते पालकांनी स्वतः तपासावं. मूल बसलं की मांडी सहज ९० अंशांच्या पुढे वाकली पाहिजे. नाही वाकली, तर बसताच सगळं जॅकेट वर सरकतं आणि हनुवटीला किंवा काखेला लागतं. वॉर्डातून निघण्याआधी मुलाला खुर्चीत बसवून बघा. घरी गेल्यावर कळलं तर पुन्हा तेवढा प्रवास.

(दृश्य: कडांवर चिकटपट्टीच्या पाकळ्या लावणारी बोटं.)

कडा मऊ करायच्या त्या अशा. बोटभर लांबीचे तुकडे, अर्धा आत, अर्धा बाहेर, एकावर एक चढवत. लंगोटाच्या बाजूला दुहेरी. लंगोट दोन घालायचे. लहान आकाराचा प्लास्टरच्या आत खोचून, मोठा बाहेरून. रात्री एकदा उठून बदलायचा. भिजलेलं प्लास्टर वाळवता येत नाही, त्याला नुसता वास येत राहतो.

आंघोळ नाही, पुसून घेणं. आत पावडर नाही, तिचे गोळे होतात. खाज आली म्हणून काही खुपसायचं नाही. केस वाळवण्याचं यंत्र थंड हवेवर ठेवून खिडकीतून वारा घाला. जेवताना गळ्यापासून मांडीपर्यंत फडकं बांधा. बिस्किटाचा चुरा आत गेला की तो खड्यासारखा टोचतो. सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन सगळ्या कडांच्या आत बघायचं. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली, किंवा एकाच जागेहून कुबट वास यायला लागला, तर त्याच दिवशी फोन.

पहिल्या दिवसांत थोडं थोडं, चार-पाच वेळा भरवावं. सारख्या उलट्या, त्याही हिरवट, आणि पोट टम्म फुगलेलं असेल तर उद्यावर ढकलू नका. आतड्याचा भाग रक्तवाहिनीखाली दाबला जातो, त्यामुळे हे होतं. प्लास्टर लगेच सैल करावं लागतं.

(दृश्य: जॅकेटमधलं मूल, दुडुदुडु चालताना. निवेदन नको.)

दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं प्लास्टर साधारण दोन महिन्यांनी बदलतात, तिसऱ्या वर्षी तीन महिन्यांनी, त्यापुढे चार. आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत मानेखालचा कणा वर्षाला दोन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. पाच ते दहा वर्षांत साधारण एक. औषध आहे ती ही वाढ, प्लास्टर फक्त तिला दिशा देतं. मेहता यांनी २००५ मध्ये १३६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९४ मुलांवर सरासरी १ वर्ष ७ महिन्यांच्या वयात, सरासरी ३२ अंशांवर उपचार सुरू झाले. त्यांचा बाक पूर्ण सुटला. ४२ मुलं उशिरा आली, सरासरी अडीच वर्षांची, ५२ अंशांची. त्यांचा बाक कमी झाला, गेला नाही. मधे अकरा महिने. ‘जरा मोठं होऊ दे, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर हे अकरा महिने आठवावेत. ज्या मुलांचा बाक एखाद्या सिंड्रोममुळे किंवा स्नायूंच्या आजारामुळे आहे, त्यांच्यात इतकं यश मिळत नाही. तिथे प्लास्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतं, आणि तेही कमी नाही.

भुलीचा प्रश्न उरतो, आणि तो विचारलाच पाहिजे. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांब भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये इशारा दिला आहे. प्लास्टरची भूल छोटी असते, पण ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. काही ठिकाणी मुलाला जागं ठेवून, खेळवत प्लास्टर करतात. तुमच्या डॉक्टरांना तो अनुभव आहे का, ते विचारा.

प्लास्टरऐवजी ब्रेस, म्हणजे प्लास्टिकचं घट्ट जॅकेट, घातला तर तो काढता येतो, आंघोळ होते, भूल लागत नाही. काढता येतो हीच त्याची अडचण. दिवसाचे २३ तास म्हणजे २३ तास, आणि उकाड्यात रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर तो ठेवणं घरातल्या माणसांच्या हातात असतं.

(दृश्य: एक्स-रे, कण्याशेजारी दोन रॉड.)

हे वाढते रॉड. बाक मोठा असेल, प्लास्टर पुरत नसेल, तर. दर सहा महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून लांबवायचे. चुंबकीय प्रकारात ते बाहेरून यंत्राने लांबवतात. रॉड मोडणं, स्क्रू निसटणं, जंतुसंसर्ग, हे धोके सोबत येतात, आणि दर खेपेला मिळणारी लांबी कमी होत जाते. फार लहानपणी शस्त्रक्रियेने मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकले तर छाती लहान राहते, फुप्फुसंही.

(दृश्य: पुन्हा पाठमोरं मूल. प्लास्टर उतरवलेलं. पाठीवर कोरडी, सोललेली त्वचा. पाण्याचा आवाज.)

दोन प्लास्टरांच्या मधली आंघोळ. मिळतो तो वेळ थोडाच असतो. काही ठिकाणी जुनं उतरवून त्याच दिवशी नवं घालतात. आधीच विचारून ठेवा, टॉवेल सोबत न्या. बाक १० अंशांच्या आत आला की प्लास्टर थांबतं, ब्रेस सुरू होतो. मग एक्स-रे विरळ होत जातात, पण वाढ पूर्ण होईपर्यंत बंद होत नाहीत. वयात येताना कणा पुन्हा वेगाने वाढतो, आणि त्या एक-दोन वर्षांत तपासण्यांमधलं अंतर परत कमी करतात.