गढीवरून गडावर : वऱ्हाडातले चार दिवस, सायकलवर

दृश्य – अंधारातला डांबरी रस्ता, सायकलींचे लाल दिवे, बाजूला तुरीचं शेत

डिसेंबरातली पहाट आहे, अमरावती मागे पडलीय आणि अजून नीट उजाडलं नाहीये. आम्ही चौघं, चार सायकली, मागे कॅरियरला बांधलेल्या बॅगा, त्यात एकेक ब्लँकेट, दोन-दोन ट्यूब, पंप आणि घरून दिलेल्या दशम्या. जायचंय सातपुड्यात, गाविलगडावर. गाडीनं गेलं तर सकाळी निघून दुपारच्या आत चिखलदऱ्याला चहा पिता येतो, पण मग मधलं सगळं वऱ्हाड काचेबाहेरून सरसर निघून जातं आणि आम्हाला तर तेच दाखवायचंय. किल्ला म्हटलं की लोक सह्याद्रीकडे तोंड करून बसतात, वऱ्हाडात काय आहे, काळी माती आन् पऱ्हाटी, हे ऐकून ऐकून कान किटले आमचे.

दृश्य – रिद्धपूर, अरुंद गल्ली, ओसरीवर बसलेली माणसं

हे रिद्धपूर. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण, चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. पंथ सुरू करणाऱ्या चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या पंथातल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथेच बसून लिहून काढल्या, पण त्याआधी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून, विचारून, पायी फिरून त्या गोळा केल्या. मराठी गद्याची सुरुवात सांगताना लीळाचरित्राचं नाव पहिलं येतं, ते असं चालत चालत जमवलेलं आहे. गल्लीतून सायकल हातात धरून जाताना हे डोक्यात होतं.

दृश्य – चाक फिरवून काटा शोधणारा हात, मग पाण्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुडे

चांदूरबाजारच्या वाटेवर संत्र्याचे बगीचे सुरू झाले आणि पहिलं पंक्चर पण तिथेच. बाभळीचा काटा. एका गावाच्या तोंडाशी एक आबाजी बैलांना पाणी पाजत होते, त्यांनीच हाक मारली, "काहून थांबले बाप्पा? पंचर झाली का? या इकडं, हौदात पाहा बुडवून." बैल बाजूला सरकवले, आम्ही ट्यूब बुडवली, बुडबुडे दिसले, काम झालं. अन् ट्यूब वाळेपर्यंत मान वर केली तर हौदाच्या मागे हे होतं.

दृश्य – गढीचा बुरूज खालून वर, भिंतीच्या भोकांतून पोपट उडतात

गढी. वऱ्हाडात फिरलेल्या माणसाला हे नवीन नाही, गावाच्या मधोमध किंवा एका अंगाला पांढऱ्या मातीचा उंच ढीग असतो, पोरं त्यावर पतंग उडवतात, कुणी लक्ष देत नाही. पण हा ढीग नाही, हा किल्लाच आहे. गावच्या देशमुखाचा, पाटलाचा. पेंढाऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून यायच्या त्या काळात गावानं गुरंढोरं, धान्य, बायकापोरं घेऊन आत शिरायचं आणि दार लावून घ्यायचं, अशी ही जागा.

आता बांधली कशी ते नीट बघा, कारण हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आधी खाली काळ्या दगडाचं जोतं, पावसाचं पाणी पायाला लागू नये म्हणून. त्याच्यावर पांढरी माती. काळी माती इथे चालत नाही, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंत उभी राहणार कशी. पांढरी तशी हलत नाही. तिच्यात भुसा, गवत, शेण घालून पायानं तुडवायची, मुरू द्यायची, मग एक थर रचायचा, तो वाळू द्यायचा, मगच पुढचा. भिंत खाली रुंद आणि वर निमुळती. आम्ही पडक्या बाजूनं आडवी सायकल लावून पाहिली तर एक सायकल पुरली नाही, दुसरी जोडावी लागली, एवढी जाडी. तोफेचा गोळा दगडी भिंतीला तडे पाडतो, मातीच्या भिंतीत मात्र रुतून बसतो.

दृश्य – अगदी जवळून भिंतीचा कापलेला भाग

इथे जरा थांबू. हा थर दिसतोय? यात खापराचा तुकडा आहे, त्याच्या खाली काचेच्या बांगडीचा निळा तुकडा, आणि ही जी बारीक रेघ दिसते ना, ते गवताचं काडीन् काडी उमटलेलं आहे, काडी कधीच कुजून गेली, ठसा राहिला. कुणाच्या तरी पायानं तुडवलेली माती आहे ही.

आबाजी म्हणाले, "माह्या आज्याच्या टायमाले हे गढी याच्याहून दुप्पट उंच होती म्हन्तात." वरचं छत गेलं की पाणी भिंतीच्या पोटात शिरतं, मग पिंपळ उगवतो, मग बुरूज बसतो. काही वर्षांत टेकाड होतं आणि नंतर तेही राहत नाही.

दृश्य – अचलपूर, दुल्हा दरवाजा, मग रुळांवर वाढलेलं गवत

संध्याकाळी अचलपूर. जुनं नाव एलिचपूर. १४९० मध्ये बहमनी राज्य फुटलं आणि इथे वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली, १५७४ ला अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली, मधली चौऱ्याऐंशी वर्षं हे राजधानीचं शहर होतं. आज दुल्हा दरवाजातून ऑटो जातात, सायकली जातात, कापसाची गाडी जाते, दरवाजा अजून कामात आहे हे बघून बरं वाटतं. हौज कटोरा गावाबाहेर, अष्टकोनी इमारत आहे, उन्हं उतरताना तिच्या कमानींमध्ये जो रंग भरतो तो कॅमेऱ्यात आलाय, त्यावर बोलत नाही. आणि हे रूळ शकुंतला नावाच्या रेल्वेचे, मूर्तिजापूरपर्यंत अडीच फुटी रुळांवरून जाणारी गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, आता गवत.

दृश्य – घाटाची सुरुवात, पहिलं वळण, सागाची पानं

दुसरा दिवस. परतवाड्याहून चिखलदरा साधारण तीस किलोमीटर. धामणगाव गढी येईपर्यंत रस्ता आपल्या बाजूनं असतो (बघा, गावाच्या नावातच गढी आहे) आणि मग सातपुडा समोर उभा राहतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, म्हणजे आता सहाशे-सातशे मीटर उभं चढायचंय, बॅगांसकट.

लोकांना वाटतं घाट मांड्यांच्या जोरावर चढतात. तसं नाही, घाट चढतो तो गिअर आणि श्वास. आमच्यातल्या एका सायकलला पुढे ३० दातांचं चक्र आहे आणि मागे सगळ्यात मोठं ३४ दातांचं, म्हणजे पायडल पूर्ण एकदा फिरलं की चाक एक फेरासुद्धा पुरा करत नाही, सायकल जेमतेम दोन मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ वेळा पाय फिरले तर ताशी सातच्या आसपास वेग पडतो, त्यापेक्षा घाई केली की दम तुटतो आणि पाय आंबतात. वळणावर आतून नाही, बाहेरून जायचं, आत चढ जास्त खडा असतो, पण समोरून एसटी येत नाहीये ना हे आधी कानानं ओळखायचं. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, गूळ-शेंगदाणे खिशात ठेवायचे, आणि थांबलं तर एका पायावर थांबायचं, बसायचं नाही, बसलं की संपलं. एका वळणावर एक मावशी डोक्यावर मोळी घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या. हसल्या आणि गेल्या.

दृश्य – उघडा माथा, दूरवर गाविलगडाची तटबंदी

१८०३ साली याच डोंगरातून तोफा चढल्या होत्या. इंग्रजांशी आडगावची लढाई हरल्यावर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज गाविलगडावर आली, मागोमाग इंग्रज. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून देवगावला तळ देऊन बसला, पण त्या बाजूनं कडा सरळ तुटलेला, तिकडून काही होणार नाही हे त्याला कळत होतं. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडच्या पठारावर पाठवलं. ७ डिसेंबरला एलिचपुराहून निघून १२ तारखेला तो त्या पठारावरच्या लाबाड्याला पोचला, अंतर जवळपास तीस मैल, आणि जड तोफा माणसांनी हातानं ओढत नेल्या, रस्ता नव्हताच, तो पण त्यांनीच पुढे पुढे करत नेला. आम्ही डांबरावर, गिअर लावून, दहा-बारा किलो सामान घेऊन जी धाप टाकली ती तुम्ही आत्ताच ऐकली.

दृश्य – गडाचा दरवाजा, दोन तोंडांचा पक्षी

सायकली दरवाजाबाहेर ठेवल्या. वर बघा. गंडभेरुंड, दोन तोंडांचा पक्षी, आणि त्याच्या पकडीत हत्ती. हे विजयनगरच्या नाण्यांवरही सापडतं. वऱ्हाडच्या गडावर ते आलं कुठून? इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत कैद होऊन इकडे आलेला पोरगा, असं इतिहासात नोंदलंय. त्यानं हा गड वाढवला. दगड त्या पोराची आठवण ठेवून आहे असं मला तरी वाटतं.

आत पसरलेलं पठार, तलाव, गवतात लोळलेल्या तोफा, मोठी मशीद, तिच्या कोपऱ्यावरच्या छत्रीतली दगडी जाळी इतकी नाजूक की तिच्यातून पडणारं ऊन जमिनीवर रांगोळीसारखं दिसतं. गडाचे दोन भाग, बाहेरचा आणि आतला, मध्ये खोल घळ. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला पण आतला दरवाजा उघडेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी घळीतून चढली, भिंतीला शिड्या लावून आत उतरली आणि तिनं आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. १७ तारखेला भोसल्यांचा इंग्रजांशी देवगावचा तह, कटक इंग्रजांना, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला.

दृश्य – मोथा, चुलीवरची कढई, वाफ

गाविलगडाचं नाव गवळ्यांवरून पडलं असं म्हणतात आणि गवळी अजून इथेच आहेत. हे मोथा गाव, चिखलदऱ्याला लागून. पहाटेचं म्हशीचं दूध, लोखंडी कढई, खाली सागाच्या ढलप्यांचा जाळ. दूध उकळलं की हात थांबवायचा नाही, कडेला धरणारी साय परत परत आत लोटायची, आधी जाळ मोठा, दूध आटून रबडीसारखं झालं की जाळ ओढून घ्यायचा, नाहीतर खाली लागतं आणि अख्खी कढई वाया. रंग पांढऱ्यावरून किंचित पिवळसर होतो, मग दाणा दिसतो, मग गोळा कडा सोडतो. पाच लिटरचा साधारण किलोभर खवा. वहिनींनी सागाच्या पानावर गरम गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "साखर नका टाकू जी, तसाच खा." तसाच खाल्ला.

दृश्य – उतार, वारा, सायकलीच्या हँडलवरचा कॅमेरा

उतरताना ब्रेक सलग दाबून ठेवायचा नाही, पुढचा-मागचा आळीपाळीनं, नाहीतर तापतो. चढायला सकाळ गेली, उतरायला तासही लागला नाही.

दृश्य – तेच गाव, तोच हौद

चौथ्या दिवशी परत त्याच वाटेनं आलो, आबाजींना मोथ्याचा खवा द्यायचा होता. हौदाजवळ ट्रॅक्टर उभा होता. गढीच्या पडक्या बाजूला दोघं टिकाव मारत होते, एक जण घमेल्यानं ट्रॉली भरत होता.

आबाजी म्हणाले, "वावरात टाकाले नेऊन राह्यले. पांढरीचं खत लय चांगलं राह्यते."

आम्ही चार दिवसांपूर्वी जिथे सायकल लावून भिंत मोजली होती तिथे परत लावून पाहिली. एक सायकल पुरली.