टाके काढल्यावर पुढे काय?

मंडळी, कॅज्युअल्टीत काही वर्षं काढलेल्या माणसाला काही चेहरे पाठ होतात. "आले बघा परत," असं सिस्टर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही हसतो. मागच्या खेपेला मनगट मोडलं होतं, या खेपेला बरगड्या. केस पेपर मात्र नवाकोरा. जुना कागद काढून नव्याशेजारी ठेवणं हे कुणाचंच काम नसतं.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या सर्जन मंडळींनी ते केलं. मारामारी, चाकू, गोळीबार यांत जखमी होऊन वाचलेल्यांचा त्यांनी पाच वर्षं माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. बरेच जण सापडलेच नाहीत. जे सापडले त्यांतले ४४ टक्के पुन्हा जखमी झाले होते, आणि २० टक्के या जगात नव्हते. अशा जखमा म्हणजे जुनाट, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, असं त्यांनी मांडलं. मलेरिया उलटतो हे आपल्याला पटतं. अपघाताला मात्र आपण 'नशीब' म्हणतो, आणि नशिबावर कोण औषध लिहून देणार?

यावर तुम्ही म्हणाल, ही बंदुकांच्या शहराची गोष्ट झाली. म्हणून वॉशिंग्टन राज्याचे आकडे सांगतो. तिथे १९९५ ते २००८ या काळात ट्रॉमा सेंटरमध्ये, म्हणजे गंभीर जखमींच्या खास इस्पितळांत, दाखल झालेल्या १,२४,४२१ प्रौढांची नोंद मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली. इस्पितळात दगावले ७,२४३. घरी किंवा आणखी कुठे पाठवल्यानंतर दगावले २१,०४५. म्हणजे ज्यांना आम्ही 'बरे झाले' म्हणून सही करून सोडलं, त्यांच्यात जवळजवळ तिप्पट मृत्यू! आणखी गंमत बघा. याच चौदा वर्षांत इस्पितळातला मृत्युदर ८ टक्क्यांवरून ४.९ वर आला, पण नंतरचा ४.७ वरून ७.४ वर चढला. हे सगळे पुन्हा अपघात होऊनच गेले असं नाही. त्यात पाय घसरून पडलेले आजी-आजोबा बरेच असतात, आणि वय आपला हिशेब वसूल करतंच. पण घरी न जाता शुश्रूषा केंद्रात पाठवलेल्या माणसाला, वय कितीही असो, धोका जास्त दिसला. हे मला अस्वस्थ करतं. आमचं यश आम्ही इस्पितळाच्या दारापर्यंतच मोजतो.

मग करायचं काय? त्याच राज्यात, सिॲटलच्या हार्बरव्ह्यू इस्पितळात एक साधा प्रयोग झाला. जखमींमध्ये दारूचा प्रश्न असलेले निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी, ते अजून वॉर्डात असतानाच, मानसतज्ज्ञाने एकदाच साधारण अर्धा तास गप्पा मारल्या, आणि महिनाभराने एक पत्र पाठवलं. उपदेश नाही, दरडावणी नाही, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" एवढाच सूर. वर्षाने पाहिलं, तर गप्पा मारलेल्यांचं पिणं आठवड्याला सुमारे २२ पेग कमी झालं होतं, इतरांचं सुमारे ७. तीन वर्षांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाणही निम्म्याच्या आसपास घटलं. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा शेवटचा आकडा पुरता उतरत नाही, हेही सांगून ठेवतो. तरी १९९९ चा हा अभ्यास इतका गाजला, की पुढे अमेरिकन सर्जनांच्या संस्थेने मोठ्या ट्रॉमा सेंटरना जखमींची दारूबाबत तपासणी आणि अशा गप्पा सक्तीच्या केल्या.

वेळ नेमकी तीच का? कारण पायाला प्लास्टर, अंगात सलाइन, बाहेर बायको रडतेय, आणि उतरलेली नशा. माणूस इतका खरा एरवी क्वचित सापडतो. चार दिवसांनी घरी गेला की "काय नाय हो, गाडीच घसरली."

पण अमेरिकेतही याला एक आडकाठी होती. १९४७ चा एक नमुना कायदा अनेक राज्यांनी उचलला होता. नशेत झालेल्या दुखापतीचे पैसे नाकारायची मुभा त्याने विमा कंपन्यांना दिली होती. मग डॉक्टर रक्तातली दारू तपासायलाच बिचकायचे. आपल्याकडच्या कित्येक पॉलिसींतही असंच कलम असतं. रात्री दोन वाजता पेशंटचा भाऊ हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तेवढं वासाचं लिहू नका." लिहिलं तर क्लेम जातो. न लिहिलं तर सकाळच्या राउंडला येणाऱ्या माणसाला काही कळत नाही, आणि त्या अर्ध्या तासाच्या गप्पा कुणी मारतच नाही. मी लिहीत आलोय. भावांच्या शिव्याही खाल्ल्यात. मात्र सकाळी परत जाऊन स्टूल ओढून त्या पेशंटजवळ किती वेळा बसलो, असं विचाराल तर बोटांवर मोजण्याइतकंच.